लोण्याच्या चहाची वाटी

एखादी गोष्ट लवकर उरकावी म्हणून तुम्ही जितकी घाई केली, तितकी ती लांबतच गेली, असे तुमच्या बाबतीत कधी घडले आहे का?

एकदा एक वृद्ध लामा आणि त्यांचा शिष्य हिमालयातल्या एका उंच खोऱ्यातून चालले होते. लामा त्याच मुलखातले. शिष्य मात्र दूर मैदानातला, इथे अगदी नवा. खोऱ्याच्या टोकाला, ओढ्यापलीकडच्या कड्यावर एक मठ होता आणि शिष्याचा थोरला भाऊ बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे भिक्षू झाला होता. तो फार आजारी असल्याचा निरोप आला होता. निरोप पोचायलाच इतके दिवस लागले होते, की दादा आता डोळ्यांनी दिसेल की नाही, या विचाराने शिष्याचा जीव टांगणीला लागला होता.

वाट अवघड होती, पण तिच्याहून अवघड होता वाटेवरचा पाहुणचार. दारावरून लामा चालले आहेत म्हटल्यावर त्यांना कुणी पुढे जाऊ देईना. माणसे जवाची मळणी सोडून येत, बाही धरून घरात नेत, शेगडीजवळ बसवत आणि समोर लोणी-मीठ घातलेल्या चहाची वाटी ठेवत.

तो खारट, तुपकट चहा शिष्याच्या घशाखाली उतरत नसे. पण पुढ्यात आलेले टाकू नये, हे आईने त्याला लहानपणीच शिकवले होते. शिवाय आपण लवकर संपवले तर लवकर निघता येईल, असाही त्याचा हिशेब होता. म्हणून तो डोळे मिटून एका दमात वाटी रिकामी करी. वाटी खाली टेकते न टेकते, तोच घरची बाई ती काठोकाठ भरून टाकी. त्याने ती संपवावी, तिने पुन्हा भरावी. जीभ पोळली, पोट तट्ट फुगले, तरी हा क्रम सुटेना.

लामा मात्र दोन-तीन घोट घेत, भरलेली वाटी समोर ठेवत आणि निवांत बोलत बसत. यंदा पीक कसे आहे, कुणाची गाय व्याली, पुढची वाट कशी आहे. त्यांच्या वाटीला कुणी हात लावत नसे. शिष्याला ते मुळीच आवडत नव्हते. गुरुजींनी वाटी अशी भरलेलीच ठेवावी हा त्या बाईचा अपमान आहे आणि तो भरून काढणे आता आपल्याच माथी आले, असे समजून तो आणखी एक वाटी रिचवी. एका घरी तर मालकिणीने हसत लामांना विचारले, "या पोराला मैदानात पाणी मिळत नव्हतं का हो?"

सकाळी पहिल्याच घरी लामा त्याला म्हणाले होते, "हळू पी." शिष्याच्या मनात आले, यांना कसली घाई असणार? दादा माझा आहे.

पुढे चढावर फुगलेले पोट त्याला चालू देईना. दर वळणाला त्याला दगडाआड जावे लागे. लामा निमूटपणे वाटेत थांबून राहत.

ते ओढ्याशी पोचले तेव्हा दुपार कलली होती. पूल वाहून गेला होता आणि गढूळ पाणी दगड गडगडवत धावत होते. समोरच्या कड्यावर मठ दिसत होता. गच्चीवर वाळत घातलेली तांबडी वस्त्रेही ओळखू येत होती.

"आज जमायचं नाही," लामा म्हणाले. "उन्हाने वरचा बर्फ वितळतो, त्याचं पाणी दुपारी खाली येतं. सकाळी पाणी उतरेल."

काठावरच्या घरातल्या म्हातारीने त्यांना आत घेतले आणि वाट्या मांडल्या. शिष्याचा संयम तिथेच सुटला. तो लामांना म्हणाला, "माझा भाऊ तिकडे मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही घरोघरी गप्पा मारत बसता. इथे कुणाला त्याचं काही आहे की नाही?" रागारागाने त्याने समोरची वाटी उचलली.

लामांनी त्या वाटीवर तळहात ठेवला. "राहू दे. तशीच ठेव."

त्याने वाटी खाली ठेवली. म्हातारीने एकवार त्या भरल्या वाटीकडे पाहिले, चहाची किटली शेगडीच्या कडेला सारली आणि ती लोकर कातायला बसली. बराच वेळ गेला, तरी ती उठली नाही.

शिष्य तिच्याकडे पाहतच राहिला.

लामा म्हणाले, "तुमच्याकडे रिकामी वाटी म्हणजे पुरे झालं. आमच्याकडे रिकामी वाटी म्हणजे आणखी हवं. ज्याला निघायचं असतं तो वाटी भरलेली ठेवतो आणि उठताना पिऊन टाकतो. प्रत्येक घरी माझं तीन घोटांतच आटपत होतं, बाळ. मी थांबत होतो तो तुझ्या वाटीसाठी. पूल गेलाय, दुपारच्या आत ओढ्याशी पोचा, हे सकाळीच त्या लोकांनी सांगितलं. तू शेजारीच होतास, पण तुझं तोंड वाटीत होतं."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?" शिष्य म्हणाला.

"तेवढी चूक माझी. वाटलं, माझी वाटी तुला दिसत असेल. दिसत तर होती, पण तू पाहत होतास ती मला नावं ठेवायला." लामांनी शेगडीत एक काटकी सारली. "नुसतं उरकायला बसलेल्या माणसाच्या पुढ्यातलं कधी संपत नाही रे."

शिष्याने आपली भरलेली वाटी जपून शेगडीजवळ सरकवली. लोकर कातणाऱ्या त्या हातांकडे तो कितीतरी वेळ पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने म्हातारीच्या घरी भरलेली वाटी समोर ठेवून तिची चौकशी केली, तिच्या गुडघ्यांचे दुखणे ऐकून घेतले आणि उठताना वाटी संपवली. ओढ्याचे पाणी घोट्याइतके होते. मठाच्या पायरीवर, कोवळ्या उन्हात, त्याचा भाऊ घोंगडी पांघरून बसला होता; हाडे वर आलेली, पण जिवंत. त्याने धाकट्यासाठी चहा ओतला. शिष्याने वाटी तळापर्यंत रिकामी केली आणि पुन्हा दादापुढे धरली.