अर्ज रुतला कशात?

अर्ज देऊन दोन वर्षं झाली, तरी इंग्रजीच्या प्रमिला गुरव बाईंना शाळेने नोकरीत कायम केलं नव्हतं. शेवटी त्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब नाईकनवरे यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

भाऊसाहेबांना आपल्या इंग्रजीचा भारी तोरा. चार सभासदांदेखत ते म्हणाले, "'बॉग्ड डाउन'चा अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. चुकलात, तर कायम होण्याचं नाव काढायचं नाही."

अर्थ सोपा होता. बाईंना भीती वाटत होती ती खरं बोलण्याची. तरी त्या बोलल्या.

"चिखलात रुतून बसणं, म्हणजेच काम अडकून पडणं. आणि वाक्य असं, की माझा अर्ज दोन वर्षं तुमच्या टेबलावर बॉग्ड डाउन झालाय."

सभासद गालात हसले. भाऊसाहेब तडकले, "साफ चूक! माझ्या टेबलावर चिखल आहे का कुठे?"

"नाही ना साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "मीही तेच विचारायला आलेय. चिखल नाही, तर अर्ज रुतला कशात?"

आता मात्र सभासदांना हसू आवरेना. भाऊसाहेबांनी फायलींच्या ढिगातून अर्ज ओढून काढला आणि सगळ्यांसमोर त्यावर सही केली.