धुनीच्या राखेचा साबण

तुळजागीर महाराज करंजडोह गावी स्थिरावले ते नदीच्या वळणावर. तिथे करंजाची जुनी झाडे होती, खाली खोल डोह होता आणि डोहाला लागून परटांचा घाट. मठ म्हणजे कुडाच्या दोन खोल्या, पुढे ओटा आणि ओट्यासमोर सदा पेटती धुनी. चैत्रात महाराजांच्या गुरूंच्या पादुकांची पालखी निघे. पालखीमागून महाराज अनवाणी चालत, आणि त्या वाटेवर पायघड्या अंथरण्याचा मान परटांच्या एका घराकडे होता.

त्या घरात आता एकटी भिवराबाई उरली होती. नवरा गेल्यापासून तिला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नसे. बारशाला गेली तर ती मागच्या दाराशी उभी राही. वर्षातून एकच दिवस ती साऱ्या गावाच्या पुढे चालत असे, हातात पायघडी घेऊन. त्या दिवशी कोणी तिला बाजूला हो म्हणत नसे. बाकीचे वर्ष ती त्या एका दिवसावर काढी.

पायघड्या धुण्याची रीत ठरलेली होती. बाजारच्या साबणात जनावराची चरबी असते अशी तेव्हा बोलवा होती, म्हणून महाराजांच्या गुरूंनी सांगून ठेवले होते की या वस्त्रांना घरचाच साबण लावावा. भिवराबाई केळीचे खुंट वाळवून जाळी, ती राख पाण्यात कालवी, चिमूटभर चुना टाकी आणि वरचे निवळ पाणी गाळून घेई. त्या खाऱ्या पाण्यात करंजाचे तेल ओतून कढई चुलीवर चढवायची आणि लिंबाच्या दांड्याने ढवळत राहायचे. तेल आणि पाणी एकजीव होऊन खळीसारखे दाट झाले की साबण झाला.

मठाचा कारभार यादोपंत पाहत. माणूस हिशेबी, हाताचा स्वच्छ, पण जिभेने तिखट. शहरात राहून आल्यामुळे गावच्या गोष्टींना नावे ठेवण्याची त्यांना सवय होती. भिवराबाईची कढई दिसली की ते थांबत आणि चारचौघांना ऐकू जाईल असे म्हणत, “कपड्यावर तेल सांडलं की लोक परटाकडे टाकतात. राख लागली तरी परटाकडे टाकतात. आणि आमची परटीण तेल आणि राख घेऊनच धुवायला बसते!”

लोक हसत. भिवराबाईही पदराआड हसे. त्यात विष आहे हे तिला कळत नव्हते असे नाही, पण मठाच्या कारभाऱ्यापुढे काय बोलायचे?

त्या वर्षी पालखीच्या तोंडावर वळवाची सर आली. वळचणीखाली ठेवलेली राखेची टोपली रात्रभर भिजली. भिवराबाईने राख उन्हात पसरून वाळवली आणि नेहमीसारखी वापरली. वाळली म्हणजे झाले, असे तिला वाटले. पण राखेतला खार पावसाच्या पाण्याबरोबर केव्हाच वाहून गेला होता. तिने दिवसभर दांडा फिरवला. हात भरून आले, तरी तेल वरच तरंगत राहिले. थोडे दाट झाल्यासारखे दिसताच उशीर नको म्हणून तिने तेच वस्त्रांना चोळले आणि डोहावर नेऊन आपटू लागली.

साबण झालाच नव्हता. तेल सुताच्या आत शिरले आणि राखेचा काळा गाळ त्यावर बसला. पांढऱ्या पायघड्या तेल्याच्या घाण्यावरच्या फडक्यांसारख्या दिसू लागल्या. ती जितकी चोळी तितके डाग पसरत. सरतेशेवटी ती घाटावर मटकन बसली. यादोपंत वर्षानुवर्षे जे थट्टेने म्हणत होते, ते तिने स्वतःच्या हातांनी खरे करून दाखवले होते.

पालखीच्या दिवशी सकाळी बातमी मठात पोचली. यादोपंत रागावले नाहीत. उलट त्यांना बरे वाटले. कोरे कापड त्यांनी तालुक्याहून आधीच आणवून ठेवले होते. पायघड्या आता मठाची माणसे अंथरतील, आणि यापुढेही तीच अंथरतील, असे त्यांनी जाहीर केले. भिवराबाई धुनीसमोर खाली मान घालून उभी होती. तिच्याकडे न पाहता ते म्हणाले, “मान हा लायकीला असतो, बाई. घराण्याला नसतो.”

तिने महाराजांपुढे डोके टेकले आणि एवढेच म्हणाली, “महाराज, चूक माझी हाय. पर तुमच्या पायाखालचं वस्त्र माझ्या हातानं मळलं, हे कसं सोसू?”

महाराज धुनीकडे वळले. मग त्यांनी ओंजळभर राख उचलली आणि म्हणाले, “पदर धर, भिवरे.”

तिने पदर पसरला. प्रसादाची उदी मिळाली असे समजून ती कपाळाला लावणार, तोच महाराज म्हणाले, “कपाळाला नको. कढईत घाल.”

भिवराबाई जागच्या जागी थिजली. ज्या उदीची चिमूट लोक तान्ह्या लेकराच्या भाळी लावतात, ती धुण्याच्या कढईत? यादोपंतांनाही राहवले नाही. ही धुनीची विटंबना होईल, असे ते म्हणाले. शिवाय ओंजळभर राखेने ढीगभर कपडे निघत नाहीत, हेही त्यांनी ऐकवले.

महाराज म्हणाले, “पंत, मळ काढायचा नसेल तर ही राख हवी कशाला? आणि भिवरे, नवं तेल शोधू नकोस. जे आहे त्यातच होईल.”

नवे तेल घ्यायला तिच्यापाशी होतेच कुठे! ती घाटावर परतली. राख पाण्यात कालवून तिने निवळ पाणी कढईत ओतले. खालचा तळही धड झाकला नव्हता. डोळे मिटून तिने गुरूंचे नाव घेतले, मळलेल्या पायघड्या तशाच्या तशा आत टाकल्या, वरून डोहाचे पाणी घातले आणि जाळ केला.

इकडे पालखी सजली. कोरे कापड दारापासून वेशीपर्यंत अंथरले गेले. भोई खांदा द्यायला उभे राहिले, टाळ वाजू लागले, पण महाराज ओट्यावरून उठेनात. यादोपंतांनी दोनदा येऊन वेळ झाल्याचे सांगितले. महाराज शांतपणे म्हणाले, “माझं वस्त्र अजून धुतलं जातंय.”

यादोपंतांच्या कपाळाची शीर उठली. विडा चघळत ते तरातरा घाट उतरले. बाईला हाताला धरून आणायचे आणि डाग साऱ्या गावाला दाखवायचे, म्हणजे हा हट्ट संपेल, असा त्यांचा विचार होता.

घाटावर पोचले आणि त्यांचे पाय थबकले. कढईवर फेसाचा पांढराशुभ्र डोंगर चढला होता. तो काठावरून उतू जात होता, पायऱ्यांवरून ओघळत होता आणि आणखी वर येतच होता. भिवराबाई एकेक वस्त्र काठीने उचलून डोहात खळबळत होती, आणि जुईच्या फुलासारखे होऊन ते वर येत होते. भक्तहो, तिने तेल घातलेच नव्हते! सुतात मुरलेले तेल धुनीच्या राखेला भेटले आणि त्याचाच साबण झाला. ज्याने वस्त्र मळले होते, त्यानेच ते धुतले. आणि ओंजळभर राख एवढ्या वस्त्रांना पुरली कशी, हे त्या माउलीलाही सांगता आले नाही.

यादोपंतांचा विश्वास बसेना. चैत्राच्या उन्हात पसरलेली एक पायघडी त्यांनी ओढली आणि तेलाचा ओघळ शोधत उलटसुलट करून पाहिली. दोन्ही अंगांनी वस्त्र निर्मळ होते. खाली ठेवताना मात्र त्यांना एक लाल ठिपका दिसला. त्यांनी बोट जवळ नेले. बोटाला विड्याचा रंग होता. साऱ्या पायघड्यांवर एकच डाग उरला होता, आणि तो त्यांचा होता.

ती पायघडी घेऊन ते पायरी उतरले. मग धोतर खोचून पाण्याशी उकिडवे बसले. तोंडातला विडा टाकला, चूळ भरली. भिवराबाई म्हणाली, “पंत, द्या हिकडं, मी धुते.”

“नको,” ते हलकेच म्हणाले. “हा मलाच धुऊ दे. फक्त कसा चोळायचा ते सांग.”

ओंजळभर फेस घेऊन त्यांनी तो डाग चोळला. तो सहज निघून गेला. पंतांच्या डोळ्यांतले पाणी मात्र थांबेना.

वस्त्रे वाळताच यादोपंत तो भारा स्वतःच्या खांद्यावर घेऊन मठात आले. पुढे भिवराबाई, मागे ते. गाव बघत राहिले. त्यांनी महाराजांच्या चरणांवर डोके ठेवले आणि मान लायकीला असतो हे आपले शब्द परत घेण्याची परवानगी मागितली.

महाराज म्हणाले, “शब्द खरेच होते, पंत. माणूस ओळखण्यात तेवढी चूक झाली. आता उठा आणि पायघडीचं दुसरं टोक धरा. तिला एकटीला ओढवत नाही.”

कोरे कापड गुंडाळून ठेवले गेले. पालखी उचलली, तेव्हा सर्वांच्या पुढे भिवराबाई चालत होती आणि पायघडीच्या दुसऱ्या टोकाशी यादोपंत होते. पायघडी अंथरायची तर जमिनीपर्यंत वाकावे लागते. मठापासून वेशीपर्यंत ते प्रत्येक वेळी वाकले, आणि दर वेळी वाकण्याआधी त्यांनी भिवराबाईला हात जोडले.