पुढच्या टेकडीचं नाव

"...पण कुठं गेलेत म्हणालास?"

"सातपुड्यात, महाराज."

"आपणही सातपुड्यातच बसलोय, त्रिंबक. तुझे वडील कुठं गेलेत?"

त्रिंबकानं वर डोंगराकडे पाहिलं...

केवलनाथांचा मठ म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या दोन खोल्या, एक धुनी आणि हा एकुलता एक शिष्य. त्रिंबक हुशार होता आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. सहा वर्षांत तो मठामागच्या ओढ्यापलीकडे गेला नव्हता, पण डोंगरावर तासभर बोलायचा. उंटावरून शेळ्या हाकाव्यात त्यानंच.

आदल्या दिवशी त्याचे वडील, आबा, गोदाकाठाहून लेकाला भेटायला आले होते. बहात्तर वर्षांचे. उभ्या जन्मात डोंगर पाहिलेला नव्हता. आज दुपारी काठी घेऊन "जरा सातपुडा बघून येतो" म्हणून निघाले, ते अजून आले नव्हते. ऊन उतरलं होतं. पौषाची थंडी, अंगावर एक बंडी आणि वर कडेकपारी.

"दुपारी मठात आलेल्या पाहुण्यांना काय दाखवत होतास?" महाराजांनी विचारलं.

"सातपुड्याच्या नावाचा अर्थ."

"मला दाखव."

"महाराज, आत्ता? अंधार पडेल..."

"दाखव."

अशा वेळी हे काय, असं त्याच्या मनात आलंच. माझ्याही आलं असतं. पण त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, जमिनीवर अंथरलं आणि चुण्या घालायला लागला. दुपारी हात सराईतपणे चालले होते. आता चौथी घातली की पहिली सुटत होती.

"सात पुडे," तो कसाबसा म्हणाला. "सात घड्या, एकीमागे एक. म्हणून सातपुडा."

"छान. आता आबा जिथं आहेत तिथं बोट ठेव."

त्रिंबकाचं बोट उपरण्यावर फिरलं. पहिल्या चुणीवर थांबलं, तिसरीवर गेलं, परत आलं... कुठंच टेकेना.

तेवढ्यात पाड्यावरचा गुलसिंग पावरा आला. महाराजांनी निरोप धाडला होता. त्याच्यामागे सात-आठ माणसं होती, कुऱ्हाडी आणि टेंभे घेऊन.

"कोणत्या पाण्यावर गेला म्हातारा?" गुलसिंगनं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या झऱ्याकडं, कुठल्या टेकडीकडं? आमच्यात घरातून निघताना नाव सांगून निघतात. नाही आला माणूस, तर तिथं बघायला जायचं."

"त्यांनी... सातपुडा सांगितलं."

गुलसिंगला कळेचना. "ते नाव आम्ही खाली बाजारात गेल्यावर सांगतो. कोणी विचारलं, कुठला रे तू, तर म्हणायचं सातपुड्याचा. इथं कोण म्हणतं? म्हाताऱ्याला कोणी शिकवलं हे?"

त्रिंबक एकदम भडाभडा बोलला.

"मी! निघताना दारात थांबले होते. विचारलं, त्रिंबक, ह्या पुढच्या टेकडीला काय म्हणतात रे? मी पाहुण्यांशी बोलत होतो. मान वर केली नाही. म्हटलं, आबा, सगळ्याला सातपुडाच म्हणतात."



गुलसिंगनं पागोटं घट्ट केलं. "तिचं नाव बोरटेक," तो म्हणाला, आणि माणसांकडे वळला. एकेक जण नाव घेऊन निघाला. मी केळझिऱ्याला. मी मोरखोऱ्यात. मी वाघदेवाच्या खालून. ज्यानं जे नाव घेतलं, त्या वाटेला तो लागला. त्रिंबक ऐकत होता. सहा वर्षांत ह्यातलं एकही नाव त्याच्या कानावर पडलं नव्हतं, किंवा पडलं असेल तर त्यानं ते ठेवून घेतलं नव्हतं.

"मीही येतो," तो म्हणाला.

"तू नको," गुलसिंग म्हणाला. "मग तुलाही शोधावं लागेल."

टेंभे वर चढले, लहान झाले, एकेक करून दिसेनासे झाले. महाराज धुनीपाशी बसले. त्रिंबक उभाच. मधूनच हाक ऐकू यायची, मग नुसता वारा. तो मनात नवस बोलत होता, आणि कुठल्या देवाला बोलायचा हेही त्याला सुचत नव्हतं.

"महाराज, काही झालं असेल तर..."

महाराजांनी चिमट्यानं धुनीतले निखारे वर ओढले, पुन्हा ओढले.

अखेर वरून कोणीतरी ओरडलं, "केळझिरा! केळझिरा!" आणि टेंभे पुन्हा दिसू लागले, सगळे एका दिशेला वळलेले.

आबांना पाठीवर घेऊन गुलसिंग उतरला. पाय मुरगळून सुजला होता, ओठ थंडीनं निळे पडले होते. बाकी धड होते. धुनीजवळ ठेवल्यावर त्यांनी लेकाकडे बघितलं आणि ओशाळं हसले.

"तू म्हणाला होतास ना सात घड्या? म्हटलं मोजून यावं. तिसरीपर्यंत गेलो बघ. पुढं कुठली कुठली, काही कळेना."

त्रिंबक हुंदके देऊन रडला. मग उठला आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

"दारात उभ्या बापाला मी धड उत्तर दिलं नाही. मला शिक्षा करा, महाराज."

महाराजांनी पाय मागे घेतले...

"टेकडीचं नाव आबांनी आधी मला विचारलं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, त्रिंबकाला विचारा. त्याला सगळं ठाऊक असतं."