पट्टीआडचा नातू

पूर्वी चंपावती नगरीवर अरिंदम राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वांनी एका नेत्रवैद्याच्या घरी जन्म घेतला होता. वडिलांच्या मागे तेच राजवैद्य झाले.

उतारवयात अरिंदमाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. एवढा शूर माणूस, पण ताटातला घास चाचपडावा लागला की त्याला रडू येई. त्यातच सुनेला दिवस गेले, आणि नातवाचे तोंड पाहायचेच, असा राजाने ध्यास घेतला.

सुनेचे दिवस भरत आले तेव्हा बोधिसत्त्वांनी बारीक सळईने उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू अलगद खाली सारला. क्षणभर राजाला त्यांची बोटे दिसली. लगेच दोन्ही डोळ्यांवर तुपात भिजवलेल्या कापसाची पट्टी बसली.

"उताणे पडून राहा, महाराज. खोकायचे नाही, शिंकायचे नाही. धक्का बसला तर मोतीबिंदू पुन्हा वर येईल आणि डोळा कायमचा जाईल."

आणि दुसऱ्याच दिवशी नातू जन्मला! त्या कुळाची रीत अशी, की आजोबाने बाळाचे मुख पाहायचे आणि दरबाऱ्यांनी सुगंधी चूर्ण उधळायचे. शहाणे दरबारी चूर्णाच्या थाळ्या घेऊन थेट राजाच्या उशाशी निघाले. बोधिसत्त्वांनी दार अडवले.

"थाळ्या बाहेर! बाळ तेवढे आत येऊ द्या."

बाळाचा आवाज ऐकताच राजाचा धीर सुटला. "वैद्या, पट्टी सोड. एकदाच पाहतो."

"आज नाही, महाराज."

"सोडलीस तर गाव इनाम देतो. नाही सोडलीस तर सुळी देईन!"

"खुशाल द्या. पण आज एकदा पाहून काय साधेल? हा उद्या रांगेल, पडेल, घोड्यावर बसेल. ते कोण पाहणार?"

राजा रागाने धुसफुसला. मग त्याने हात पुढे केला आणि बोटांनीच बाळाचे नाक, गाल, हनुवटी चाचपली. बाहेर चूर्ण उधळले गेले आणि अख्खा दरबार शिंकू लागला. ते ऐकून राजाचा राग निवळला.

मुदत भरल्यावर पट्टी सुटली. राजाने मांडीवरच्या नातवाकडे डोळा भरून पाहिले.

"अरे, हा तर पार टकलू आहे! मला कोणी सांगितले कसे नाही?" त्याने नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. "वैद्यराज, आता रडलो तर चालेल ना?"

"मनसोक्त रडा, महाराज."

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, आज ध्यानाला बसून उद्या फळ मागणारा हा तुमच्यातला सुमंगल भिक्षू तेव्हा अरिंदम राजा होता, आणि वैद्य मी होतो." इनामाने न ढळता आणि सुळाला न भिता दुसऱ्याच्या हितावर ठाम राहणे, हीच अधिष्ठान पारमिता, म्हणजे दृढनिश्चयाची परिपूर्णता.