हजेरीचा अंगठा

“यंत्राला ना काका, ना मामा. ते कशाला कुणाशी लबाडी करेल, बाबा?”

असं विचारणारे शिरीष केळापुरे आमच्या नगरपरिषदेचे नवे मुख्याधिकारी होते. सफाई कामगारांनी तीन दिवस काम बंद ठेवलं होतं. कामगार गोसावीबाबांचा शब्द मोडत नाहीत, हे कळल्यावर साहेब टेकडी चढून मठात आले होते.

बाबा घायपाताचा दोर वळत होते. चाळीस वर्षं हेच काम. मी शेजारी बसून त्यांना पानांतून वाख, म्हणजे धागे, काढून देत होतो.

“मागणं काय आहे त्यांचं?” बाबांनी विचारलं.

“गयाबाईला काढू नका, एवढंच. बावीस वर्षं मंडई झाडतेय, मान्य. पण आता सगळे ठेकेदाराकडे गेलेत. हजेरी अंगठ्यावर. महिन्यात दहा खाडे झाले की नाव कमी. तिचे बारा झाले.”

“आलीच नाही ती?”

“मुकादम म्हणतो, रोज येते. यंत्रात मात्र नाही.”

“आधी हजेरी कोण घ्यायचं?”

“मुकादमच. नाव पुकारून.” साहेब हसले. “असला कारभार मोडायलाच तर मला इथं पाठवलंय.”

माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायचा. गयाबाईला त्याने कधी पाहिलंही नव्हतं, मग तिच्यावर राग कुठून असणार? मला मात्र त्याचा फार राग येत होता.

साहेबांनी पिशवीतून यंत्र काढलं.

“किती सोपं आहे, बघा. तुमचीच नोंद करून दाखवतो. ठेवा अंगठा.”

बाबांनी ठेवला.

“प्लीज ट्राय अगेन,” यंत्र म्हणालं.

उजवा झाला, डावा झाला. चार वेळा तेच. यंत्र मोठं अदबशीर होतं.

साहेबांनी बाबांचा अंगठा उजेडात धरून पाहिला.

“रेषाच राहिल्या नाहीत यावर... घासून गेल्यात.”

“आणि गयाबाईच्या?”

साहेबांनी बाबांचा अंगठा सोडला.

“तुझा लाव बघू.”

“थँक यू,” यंत्र लगेच म्हणालं. साहेबांनी हात मागे घेतला.

मग सावरून बसले.

“तरीही, बाबा, एकीसाठी नियम वाकवला तर उद्या सगळे दारात उभे राहतील. तिला काढायचा आदेश खिशात आहे. सही आजच करणार. तुम्ही फक्त बाकीच्यांना कामावर यायला सांगा.”

“सांगतो की. तूही खुशाल सही कर.” बाबांनी दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं. “त्याआधी एवढा दोर वळून दे.”

“एवढंच ना?”

साहेबांनी बाह्या सरसावल्या. वीतभर वळून होईतो तळवे लालबुंद झाले, बोटात कुसळ शिरलं. पण गडी थांबला नाही, चिवट होता.

“किती वळायचा, बाबा?”

बाबा त्यांच्या हातांकडे बघत होते...

“यंत्र तुला गैरहजर धरेपर्यंत.”