बारावा उंबरा

“…मग संन्याशाचा उंबरा मोजायचाच कशाला? एवढंच विचारलं मी, आणि सगळी आळी गप्प झाली.”

अच्युत नुकताच गावातून टेकडी चढून आला होता. दम लागला होता, पण चेहरा जिंकून आल्यासारखा होता.

केशवबुवा मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. त्या ओट्यावरून खालच्या कासार आळीची कौलं दिसत. बुवा नेहमी तिकडे पाठ करून बसत. अच्युतला ते वैराग्य वाटे.

“नीट सांग,” बुवा म्हणाले.

अच्युतने सांगितलं. कासार आळीत नळ येणार होता. नगरपालिका मोठ्या रस्त्यापर्यंत पाइप आणून देणार होती. तिथून आत, शेवटच्या घरापर्यंतचा खर्च आळीने आपसांत वाटून घ्यायचा होता. त्यासाठी तीन बैठका झाल्या. ज्यांची घरं रुंद, त्यांना माणशी वाटा हवा होता. ज्यांच्या घरात माणसं जास्त, त्यांना फुटांवर. शेवटी उंबऱ्यामागे सारखा वाटा ठरला. ज्याला पैसे जमणार नाहीत, त्याने आपल्या दारापुढचा चर खणून द्यायचा.

बारा उंबरे होते. त्यांतला एक बुवांचा. त्या दाराला सव्वीस वर्षं कुलूप होतं आणि सव्वीस वर्षं बुवा आळीत उतरले नव्हते.

“मी म्हटलं, ज्यांनी घरदार सोडलं त्यांच्याकडे कसला वाटा मागता? सगळ्यांना पटलं. तुमचं नाव काढलं आणि अकरा वाटे केले.” अच्युत हसला. “योग्यच झालं ना, महाराज?”

बुवांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“माझं नाव होतं यादीत?”

“होतं. म्हणून तर बोलावं लागलं.”

“काय लिहिलं होतं?”

“केशव गणपत कासार.”

“…वडिलांच्या नावासकट?”

“हो.”

“कितवं होतं?”

“सातवं. का, महाराज?”

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली.

तेवढ्यात पायऱ्यांवर बांगड्या किणकिणल्या. भागूअक्का वर येत होती. आळीत तिचं घर बुवांच्या घराला लागून. खांद्यावर बांगड्यांची माळ तशीच होती. बाजारातून परस्पर आली असावी.

“काय रे केशा,” ती पायरीवर टेकत म्हणाली, “कुठे येऊन बसलायस. गुडघे राहिले नाहीत माझे.”

“अक्का, महाराज म्हणावं,” अच्युत म्हणाला.

“तुझा महाराज. आमच्या पत्र्यावरची बोरं चोरताना मी याला दोनदा धरलाय.”

बुवांच्या मिशीत हसू हललं. अच्युतने मान दुसरीकडे वळवली.

“तुझ्या चेल्यानं सगळ्यांची तोंडं बंद केली म्हणे,” अक्का म्हणाली. “मी बाजारात होते, माझं म्हणणं राहिलं. दुपारनंतर चर खणायला घेतायत. नाव नसेल तर तुझ्या दाराशी नळाचा फाटा काढणार नाहीत. एकदा चर बुजला की झालं. तुझ्या तोंडून ऐकायला आलेय. तुझा उंबरा धरायचा की सोडायचा?”

“तिथे नळ हवाय कुणाला?” अच्युत म्हणाला. “राहतं कोण त्या घरात?”

“कोणी नाही.”

“मग?”

अक्काने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती बुवांशी बोलत राहिली.

“दिव्याचा खांब आला तेव्हा पैसे काढले. गटार बांधलं तेव्हा काढले. फरशी घातली तेव्हाही. तुझ्या नावापुढे दरवेळी कोणी ना कोणी भरलं. कुरकुरले असतील. पण नाव काढा, असं कोणी म्हणालं नाही.”

“मला कोणी सांगितलं नाही, अक्का.”

“त्यात सांगायचं काय?”

वारा आला. शेंगांची टरफलं ओट्यावर सरकत गेली. ती गोळा करायला अच्युत वाकला. बुवांनी हात केला… राहू दे.

“दाराची कडी आहे अजून?” बुवांनी विचारलं.

“आहे की. शाळेत जाता-येता पोरं वाजवतात.”

“आणि?”

“आणि काय… थोडा वेळ थांबतात. मग पळतात.”

बुवांनी डोळे मिटले.

अच्युतला राहवेना. “अक्का, महाराज मोह सोडून इथे आलेत. त्यांना परत त्यात ओढू नका.”

“मी कुठे मोह मागतेय, बाबा? सहा फूट चर मागतेय.”

बुवा उठले. मठामागे गेले आणि झाडांना आळं करायची कुदळ घेऊन आले. तिचा दांडा सैल झाला होता. त्यांनी ती पायरीवर दोनदा आपटून घट्ट केली.

“सातवंच लिही,” ते अक्काला म्हणाले. “शेवटी नको.”

“शेवटी कसं लिहीन? माझ्यानंतर तूच आहेस.”

ती उठली आणि एका हाताने कठडा धरून पायऱ्या उतरू लागली. बुवा तिच्यामागे निघाले. तीन पायऱ्या उतरले आणि समोर कौलं दिसली तसे थांबले… मग पुन्हा उतरू लागले.

अच्युत ओट्याच्या कडेला उभा होता. आता त्याचा आवाज बारीक झाला होता.

“महाराज, संध्याकाळी माणसं दर्शनाला येतील. त्यांना काय सांगू?”

बुवांनी मागे पाहिलं नाही.

“सांग… घरी गेलेत.”