धामणखेड्याच्या विहिरीची कड

डोंगराच्या पोटाशी धामणखेडे नावाचे लहानसे गाव आहे. गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे, सहजगिरी महाराजांचा मठ होता. मठ आपला म्हणायचा म्हणून. पांढऱ्या मातीच्या चार भिंती, वर गवताचे छप्पर आणि समोर शेणाने सारवलेले अंगण, एवढाच त्याचा थाट. महाराज कोठून आले हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी विचारले तर म्हणत, "जमिनीवरूनच आलो बाबा, चालत." गावातल्या पोरांना ते फार आवडत. पोरांनी आणलेल्या कच्च्या बोरांचाही ते देवाला नैवेद्य दाखवत आणि मग तोंड वाकडे न करता ती खात.

या गावचे मोठे घर म्हणजे अमृतराव देशमुखांचे. अमृतराव माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे. दारी आलेल्याला ते रिकाम्या हाती पाठवत नसत. स्नानसंध्या, पूजापाठ, सणवार, सगळे यथासांग. पहाटे डोळे उघडताच ते धरणीमातेचा श्लोक म्हणत. 'आई, तुझ्या अंगावर पाय ठेवतो आहे, मला क्षमा कर', असा त्याचा अर्थ. अंथरुणातून उतरण्यापूर्वी तो म्हणावा, असे शास्त्राने सांगितले आहे. अमृतरावांच्या तोंडून तो इतक्या सफाईने येई, की श्लोक निम्म्यावर असतानाच त्यांचे दोन्ही पाय खडावांत गेलेले असत! पण हे त्यांच्या कधी ध्यानात आले नाही. आपल्याला संस्कृत येते आणि गावाला येत नाही, हे मात्र त्यांच्या सदोदित ध्यानात असे.

उन्हाळ्यात ओढा आटला की धामणखेड्याच्या बायकांना डोंगरापलीकडून पाणी आणावे लागे. विहीर खणून लोकांना पाणी देणे हे फार मोठे पुण्यकर्म, असे आपले शास्त्र सांगते. अमृतरावांनी ते वाचले होते. त्यांनी आपल्याच शेतात गावासाठी विहीर खणायचे ठरवले. मुहूर्त काढून, पुरोहित बोलावून, नारळ फोडून भूमिपूजन केले आणि खोदाईचे काम गोमाजी बेलदाराला दिले.

गोमाजी, त्याची बायको ठकूबाई आणि ठकूबाईचा भाऊ सटवा ही तिघे मिळून विहिरी खणत. पुरुष खाली उतरून पहारीने माती फोडत आणि ठकूबाई गड्यांना घेऊन ती पाट्यांनी वर ओढून घेई. गोमाजी महाराजांचा भक्त. कधीतरी महाराजांनी त्याला सांगितले होते, की धरणीला हात लावण्याआधी तिला विचारत जा. तेव्हापासून त्याने हा नेम कधी मोडला नाही. रोज सकाळी खाली उतरला की तो गुडघे टेकायचा, तळहात जमिनीवर ठेवायचा आणि डोळे मिटून थोडा वेळ तसाच बसायचा. मग मातीचा कण कपाळाला लावायचा आणि पहार उचलायचा.

काठावर उभे राहून अमृतराव हे रोज बघत. मग एकदा त्यांनी विचारले, की भूमिपूजन तर झाले आहे, मग हे रोज रोज काय चालवले आहेस? गोमाजीने सांगितले, की तेव्हा भटजींनी विचारले होते, पण घाव तर मी घालतो. अमृतरावांना ते उत्तर आवडले नाही. मंत्र तरी कोणता म्हणतोस, असे त्यांनी विचारले. गोमाजीला मंत्र येत नव्हता.

"वा रे भक्त!" अमृतराव म्हणाले. "दिवसभर जिच्या छातीत पहार घालायची, तिचीच सकाळी माफी मागायची. अरे, कसाईसुद्धा बोकडाशी इतका लबाड वागत नाही."

काठावरचे गडी हसले. त्यांना हसणे भाग होते, देशमुखांची चाकरी होती. गोमाजीने पहार उचलली. पण तो टोमणा त्याच्या मनात काट्यासारखा रुतला. त्या दिवशी दुपारची भाकरी त्याने तशीच बांधून ठेवली. आपण खरेच लबाडी करतो की काय, असे त्याला वाटू लागले.

संध्याकाळी मठात आरतीला माणसे जमली. अमृतरावांना लहानपणी सांभाळणारी त्यांची म्हातारी आत्या, बयोबाई, रोज महाराजांसाठी जेवण घेऊन येई आणि आरतीलाही येऊन बसे. गोमाजी दाराशी बसला होता. अमृतरावांनी आत येताच हसत हसत सकाळची हकीकत सर्वांना ऐकवली आणि महाराजांना विचारले, "सांगा महाराज, पुन्हा तोच अपराध करायचा हे ठरलेले असताना मागितलेली क्षमा खरी कशी?"

गोमाजी दाराशी जरा पुढे सरकला. त्याच्याही मनातला प्रश्न तोच होता.

महाराज बयोबाईंकडे वळले. म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या मांडीवर हा अमृता वाढला. लाथा मारायचा की नाही?"

"मारायचा म्हणजे? माझा पुढचा दात यानेच हलवलाय."

"मग टाकून दिलंत का याला?"

"टाकते कशी? लाथ मारायचा, आणि वर तोंडाकडे बघून हसायचा मेला."

सगळा मठ हसला. अमृतरावांचे कान तांबडे झाले. महाराज मात्र शांतपणे बोलत राहिले. ते म्हणाले, "जगायचं म्हटलं की धरणीला लागणारच. कुणब्याचा नांगर लागतो, माझी काठी लागते. त्याला इलाज नाही. म्हणून तर शास्त्रानं शिकवलं, की आधी तिच्या तोंडाकडे बघ आणि विचार. विचारून घातलेला घाव गरजेपुरताच पडतो. न विचारता घातला, की घावाला डोळे राहत नाहीत."

गोमाजीच्या मनातला काटा निघाला. अमृतरावांच्या मनात मात्र तो शिरला. चारचौघांत आपले हसे झाले, आणि तेही एका बेलदारापायी! बायकापोरांना समजवायच्या गोष्टी त्या, त्यांत शास्त्र कुठे आहे, असे ते घरी जाताना आत्याला म्हणाले. आत्या म्हणाली, "तू जेव आधी."

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायला आली तेव्हा अमृतराव विहिरीवर आले. विहीर आता चांगली खोल गेली होती, पण पाण्याचा पत्ता नव्हता. तळाला गोमाजी आणि सटवा दोघेच होते. एका कडेला तांबड्या मुरमाची उंच भिंत उभी होती. अमृतरावांनी अंगरखा काढला, धोतर खोचले आणि बघता बघता दोराला धरून ते खाली उतरले. देशमुख स्वतः विहिरीत उतरलेले पाहून ठकूबाईने तोंडाला पदर लावला.

"दे ती पहार," ते गोमाजीला म्हणाले. "तुझी माफी मागण्यातच वेळ जातो, म्हणून पाणी लागत नाही."

गोमाजी म्हणाला, "घ्या की, धनी. मातर आधी एकदा हात लावा तिला. मंतर नसला तरी चालंल."

"बाजूला हो."

पायांतले जोडेही न काढता अमृतराव उभे राहिले. काठावरून सगळे बघत होते. काल मठात हसणाऱ्यांपैकीही दोघेतिघे होते त्यांत. अमृतरावांनी पहार डोक्यावर नेली आणि सगळ्या अंगाचा जोर लावून समोरच्या मुरमाच्या कडेतच घातली. एकदा, दोनदा, तीनदा. तिथे खणायचे नव्हतेच. पण रागाने घातलेल्या घावाला कुठले आले ठिकाण?

पहार आत रुतली. ती त्यांनी हिसडून बाहेर काढली, आणि कडेतून सुपातून धान्य सांडावे तशी माती सांडू लागली. मग वरून खालपर्यंत एक भेग गेली. काठावरची माणसे ओरडून मागे धावली. मुरमाची ती अख्खी भिंत जागची सुटली आणि तिघांच्या अंगावर झुकली.

अमृतरावांनी डोळे मिटले. आता संपले सगळे, एवढेच त्यांच्या मनात आले. रोज म्हणायचे इतके श्लोक, पण त्यांतला एकही त्या वेळी आठवला नाही.

पण भिंत पडली नाही.

त्यांनी डोळे उघडले. झुकलेली कड त्यांच्या डोक्यावर अधांतरी थांबली होती. पडत्या माणसाला मागून कोणी पाठ द्यावी आणि तो तिथल्या तिथे थबकावा, तशी! माती थरथरत होती, बारीक खडे घरंगळत होते, पण कड खाली येत नव्हती.

"धनी, वर व्हा," गोमाजी हळू आवाजात म्हणाला आणि त्याने दोर त्यांच्या हातात दिला. वरून ठकूबाई आणि दोन गडी ओढू लागले. गोमाजीने खालून खांदा दिला. त्याच्या खांद्यावर जोड्यांसकट पाय ठेवून देशमुख वर चढले. मागून सटवा आला. खाली उरला एकटा गोमाजी.

काठावर पालथे पडून अमृतराव खाली बघत होते. माझ्या घावाने कड सुटली, मी वर आलो, आणि तो खाली! याला काही झाले तर उद्या ठकूबाईला तोंड कसे दाखवू? "दोर धर, गोमाजी, दोर धर!" असे ते ओरडले. गोमाजीने दोर धरला. आणि तेवढ्यात तो वाकला. एवढ्या मोठ्या संकटातही त्याने गुडघा टेकला, तळहात जमिनीवर ठेवला, मातीचा कण कपाळाला लावला आणि मगच तो दोराला लोंबकळला. अमृतरावांनी गड्याच्या हातातला दोर हिसकावून घेतला आणि आपल्या हातांनी ओढला. तळवे सोलून निघाले, पण त्यांनी सोडला नाही.

गोमाजीचा पाय काठाला लागला आणि खाली कड कोसळली. जमीन हादरली, तांबड्या धुळीचा लोट वर आला. ठकूबाई नवऱ्याचे अंग चाचपून बघत होती. मग ती म्हणाली, "ही महाराजांचीच करणी." आणि सगळी माणसे मठाकडे निघाली.

मठात शिरतात तो काय! महाराज अंगणात पालथे पडले होते आणि बयोबाई त्यांच्या पाठीवर हळदीचा लेप लावत होती. लावता लावता रागे भरत होती. ताट तसेच पडले होते.

अमृतरावांनी विचारले तेव्हा ती सांगू लागली. महाराज नुकतेच जेवायला बसले होते. पहिला घास उचलला तोच ते ताडकन उठले, मागच्या भिंतीला पाठ लावली, पाय रोवले आणि घामाघूम होऊन तसेच उभे राहिले. "अन्न निवतंय म्हणून मी ओरडतेय, आणि हे आपले म्हणतात, 'जरा थांब माय, लेकरं वर येऊ दे.' कितीदा म्हणाले! मग एकाएकी खाली बसले. सदरा काढून बघते तर हे असं."

अमृतरावांनी पाहिले. महाराजांची पाठ खांद्यांपासून कमरेपर्यंत खरचटली होती. मठाच्या भिंती तर पांढऱ्या मातीच्या. पण त्या खरचटलेल्या पाठीत, हळदीखालूनही दिसत होता, तो तांबडा मुरूम!

गोमाजी रडू लागला. महाराज उठून बसले आणि त्याला म्हणाले, "अरे, रडतोस काय? तू रोज तिला हाक मारतोस. आज तिनं मला मारली, एवढंच."

अमृतराव पुढे झाले. आपल्यावर धरणी कोपली का, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येत नव्हता.

"आई कुठे कोपते?" महाराज म्हणाले. "तुझ्या घावाला डोळे नव्हते, बाबा. जा, हात धुऊन घे, सोलवटलेत तुझे. आत्याबाई, उरलेली हळद याला लावा."

अमृतराव गेले नाहीत. ते गोमाजीकडे वळले आणि म्हणाले, "गोमाजी, तू खाली वाकलास तेव्हा काय म्हणालास तिला? मला शिकव."

गोमाजी ओशाळला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "म्हनायचं काय त्यात, धनी? आधी पायतान काढतो, मग हात लावतो. तेवढंच येतं मला."

अमृतरावांनी आपल्या पायांकडे पाहिले. मठाच्या सारवलेल्या अंगणात ते जोड्यांनिशी उभे होते. त्यांनी जोडे काढले, दूर नेऊन ठेवले आणि परत येऊन महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला ते वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. धामणखेड्याच्या देशमुखांचे कपाळ अंगणाच्या मातीवर टेकले.

चुकले असे वाटून ते उठू लागले, तेव्हा महाराजांनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे, अमृता. बरोबर जागी टेकलंय."